पाटणच्या मठातली कोडी

एक संख्या आहे. तिला तिनानं गुणलं, आलेल्या गुणाकारात त्याचाच पाऊण हिस्सा मिळवला, बेरजेला सातानं भागलं, भागाकारातून त्याचा तिसरा हिस्सा काढला. उरलेल्याचा वर्ग केला, त्यातून ५२ वजा केले, वर्गमूळ घेतलं, त्यात ८ मिळवले आणि दहानं भागलं. हाती राहिले २. तर मूळ संख्या कोणती?

शाळेच्या गॅदरिंगमध्ये जादूगार ‘मनात एक संख्या धरा’ म्हणतो आणि शेवटचं उत्तर ऐकून ती संख्या ओळखून दाखवतो, तो खेळ याच जातीचा. फरक एवढाच की जादूगाराची विद्या झाकण्यावर उभी असते. गुपित फुटलं की तिकीट कोण काढणार? वरचं कोडं मात्र भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं, म्हणजे सन ११५० मधलं आहे, आणि तिथं कोड्याच्या आधीच युक्ती सांगून टाकलेली आहे: शेवटाकडून आरंभाकडे उलट चालत या. भागलं असेल तिथं गुणा, मिळवलं असेल तिथं काढा, वर्ग असेल तिथं मूळ घ्या. २ चे २०, २० चे १२, १२ चा वर्ग १४४, त्यात ५२ मिळवून १९६, त्याचं मूळ १४. तिसरा हिस्सा काढून १४ उरले म्हणजे आधी २१ होते. सातपट १४७. पाऊण हिस्सा मिळवून १४७ झाले म्हणजे आधी ८४. तिनानं भागून २८. या रीतीला भास्कराचार्य व्यस्तविधी म्हणतात.

प्रेक्षकाला थक्क करणाऱ्या कलेचा इतिहास आपण मोठ्या हौसेनं सांगतो. थक्क झालेल्या माणसाला शेजारी बसवून ‘बघ, हे असं आहे’ म्हणणाऱ्या कलेचा इतिहास क्वचित सांगितला जातो. त्या कलेचं एक घर आमच्या खानदेशात होतं. पाचोऱ्याहून गाडीत बसलं की गाळण, नगरदेवळा, कजगाव, वाघळी आणि मग चाळीसगाव. तिथून नैर्ऋत्येला, सातमाळ्याच्या डोंगराच्या कुशीत, पाटण. नवरात्रात पाचोरा-भडगावकडची माणसं पाटणादेवीला जातात. देवीला नारळ फोडून, धबधबा बघून परततात. याच पाटणात आठशे वर्षांपूर्वी एका राजघराण्यानं आणि एका बाजारपेठेनं मिळून गणिताच्या मठाचा खर्च उचलला होता, हे आमच्याकडच्या फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. मला याची खंत वाटते, म्हणून हा लेख.

तेव्हाचं पाटण आजच्यासारखं अभयारण्याच्या काठावरचं निवांत ठिकाण नव्हतं. डोंगराच्या एका अंगाला खानदेशचं मैदान आणि दुसऱ्या अंगाला कन्नडवरून देवगिरीकडे चढत जाणारा मुलूख, अशा वाटेवरची ती पेठ होती. जवळच पितळखोऱ्याची लेणी आहेत. ही वाट त्या लेण्यांइतकी जुनी असणार. या भागावर निकुंभ घराण्याची सत्ता होती. निकुंभ हे आडनाव खानदेशात आजही ऐकू येतं. आधी स्वतःच्या हिमतीवर आणि पुढं देवगिरीच्या यादवांचे मांडलिक म्हणून त्यांनी इथला कारभार पाहिला. पाटणच्या महादेव मंदिरातला ११५३ चा शिलालेख याच घराण्यातल्या गोवन राजाच्या काळातला. म्हणजे ते मंदिर आणि ‘सिद्धांतशिरोमणि’ हा ग्रंथ अगदी एकाच पिढीचे. वाघळीलाही १०६९ चा लेख सापडलेला आहे. रेल्वेच्या या छोट्या स्टेशनांच्या आजूबाजूला इतका मजकूर दगडावर कोरून पडलेला आहे.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणि’ पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. पुढं एकोणसत्तराव्या वर्षी, ११८३ मध्ये, ‘करणकुतूहल’ लिहिलं. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयानं वसलेलं विज्जडविड आहे, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. ते नेमकं कोणतं यावर विद्वानांचे वाद आहेत आणि निरनिराळी गावं त्यावर हक्क सांगतात. त्या वादात मी पडत नाही. कारण घराण्याचा पाटणशी असलेला संबंध वादाचा विषयच नाही. तो दगडावर लिहिलेला आहे.

पाटणच्या भवानी मंदिरातल्या शिलालेखात या घराण्याच्या पिढ्या एकामागून एक मोजल्या आहेत. त्रिविक्रम, मग भोजराजाकडून विद्यापती ही पदवी मिळवणारा भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर. महेश्वराचा मुलगा आपले भास्कराचार्य. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर. हा सर्व शास्त्रांत तयार आहे असं पाहून यादव राजा जैत्रपालानं त्याला इथून, याच पुरातून, बोलावून नेलं आणि विद्वानांचा अग्रणी केलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव. तो सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. (ज्ञानेश्वरांच्या कथेतले चांगदेव वेगळे.) सिंघणाच्या दरबारात एवढं मोठं पद असताना या नातवानं आजोबांसाठी स्मारक म्हणून मंदिर बांधलं नाही, छत्री उभारली नाही. त्यानं मठ काढला. त्याची अटही लेखात आहे: सिद्धांतशिरोमणि आणि भास्कराचार्यांचे इतर ग्रंथ, तसंच त्यांच्या वंशातल्या इतरांनी रचलेले ग्रंथ, यांचं विवरण माझ्या मठात नियमानं झालंच पाहिजे. माणसाची आठवण ठेवण्याचा याहून शहाणा मार्ग मला माहीत नाही. आजोबांच्या नावानं दिवा लावायचा तर त्यांचं गणित रोज कुणीतरी सोडवत राहिलं पाहिजे, हे चांगदेवाला समजलं होतं.

निकुंभ राजा सोइदेवानं या मठाला दान दिलं ते श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी. जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी त्याची तारीख बसवली ती ९ ऑगस्ट १२०७. ग्रहणात दान द्यायची रीत जुनीच. पण इथं ज्यांना दान मिळालं ते ग्रहण कधी लागणार आणि कधी सुटणार याचं गणित शिकवणारे लोक होते. ज्या सावलीकडे सगळी पेठ डोळे लावून बसली होती, तिची वेळ मठातल्या पोरांना आधीच पाटीवर काढता येत असणार. सोइदेवामागून गादीवर आलेला त्याचा धाकटा भाऊ हेमाडीदेव यानंही ही देणगी चालू ठेवली.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृत श्लोकांचा. शेवटाकडे मात्र भाषा बदलते आणि मराठी सुरू होते, आपल्या भाषेच्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एकात. हे बदलणं अगदी स्वाभाविक आहे. वंशावळी पंडितांनी वाचायची होती. पुढचा मजकूर मात्र दुकानदारानं, तेल्यानं आणि मापाड्यानं पाळायचा होता. त्यात मठाचं उत्पन्न ठरवून दिलं आहे. पाटणात जो माल विक्रीला निघेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे मिळायचं, ते मठाला दिलं. नगरानं आपल्या वतीनं दामाचा विसावा हिस्सा दिला. सुपाऱ्या दिल्या. गावात जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळी-पळी तेल. रात्री मठात जळणाऱ्या दिव्याचं तेल असं पेठेतल्या घाण्यावरून येत होतं.

याच यादीत एक कलम आहे, त्यापाशी मी दर वेळी थांबतो. पेठेत जे काही मापायचं ते मठाच्या मापानं मापायचं. मापाईची अर्धी रक्कम मठाला, अर्धी मापणाऱ्याला. म्हणजे धान्याचा दाणा शेतकऱ्याच्या पोत्यातून व्यापाऱ्याच्या पोत्यात जाताना मधे भास्कराचार्यांच्या मठाचं माप. आमच्या पाचोऱ्याच्या बाजार समितीत आजही वाद होतो तो भावाइतकाच मापावरून होतो. खऱ्या मापाचा भरवसा कुणावर ठेवायचा, हा पेठेपुढचा सर्वांत जुना प्रश्न, आणि पाटणच्या लोकांनी तो गणित शिकवणाऱ्यांवर ठेवला. मठालाही त्यामुळे जगाकडे पाठ फिरवून बसता येत नव्हतं.

लीलावतीलाही तसं बसायचं नव्हतंच. ग्रंथाची सुरुवातच नाण्यांच्या कोष्टकानं होते: २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिण्यांचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क. या हिशेबानं द्रम्माच्या कवड्या होतात १२८०. कोष्टक पाठ झालं की पुढं अपूर्णांकांच्या गुणाकारात एक कंजूष भेटतो. याचकाला त्यानं काय दिलं? एका द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या पाऊण हिश्श्याच्या पाचव्या भागाच्या सोळाव्या भागाचा चौथा हिस्सा. ऐकताना वाटतं, केवढं दान! हिशेब करत गेलं की एक भागिले १२८० उरतं. एक कवडी. अपूर्णांकांची भीती असलेला मुलगाही हे गणित पुरं करतो, कारण त्या माणसानं शेवटी दिलं तरी किती हे त्याला कळायला हवं असतं. तिरकस बोलण्यात पैसा कसा लपतो हे त्याला पेठेत उतरण्याआधी मठातच कळतं.

भास्कराचार्यांची कोडी बांधण्याची रीत अशी आहे. आकड्यांना ते अंगण देतात, झाड देतात, ऋतू देतात. भुंग्यांचा थवा आहे. त्याच्या अर्ध्याचं वर्गमूळ मालतीकडे गेलं, सगळ्या थव्याचे आठ नवमांशही गेले. मागं राहिलं एक जोडपं: रात्री मिटलेल्या कमळात गंधाच्या लोभानं अडकलेला भुंगा आणि त्याला बाहेरून साद घालणारी भुंगी. थवा केवढा? उत्तर ७२. मालतीकडे ६, आठ नवमांशांचे ६४, आणि ते दोघं. हे वर्गसमीकरण आहे. दहावीतल्या वर्गात ते क्ष घालून येतं आणि निम्म्या मुलांचे चेहरे उतरतात.

दुसरं कोडं मोराचं. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुंध्याशी सापाचं बीळ. खांबाच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे २७ हातांवरून, साप बिळाकडे निघालेला मोराला दिसला. मोरानं तिरकी झेप घेतली. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडली? १२ हातांवर. मोराची झेप १५ हात, सापाची सरपट १५ हात. उभा ९, आडवा १२, तिरपा १५. काटकोन त्रिकोणाचा सगळा धडा या एका झडपेत आहे. तसाच ३२ हातांचा वेळू: वाऱ्यानं मोडून त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला, तर तो कुठं मोडला? १२ हातांवर. आमच्याकडे वादळात केळीच्या बागा आडव्या होतात. हे कोडं खानदेशातल्या पोराला समजावून सांगायला वेगळं चित्र काढावं लागत नाही.

निर्मळ कमळांच्या राशीचं कोडंही सोपं आणि देखणं आहे. तिसरा हिस्सा शंकराला वाहिला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला, आणि उरलेली ६ कमळं गुरूच्या चरणी. एकूण किती? इथं भास्कराचार्य इष्टकर्माची रीत वापरतात. उत्तर माहीत नाही ना, मग हवी ती संख्या मनानं धरा. समजा ६० धरली. तिचे हिस्से काढले तर २०, १२, १० आणि १५ जातात, ३ उरतात. आपल्याला ६ हवीत, म्हणजे दुप्पट. मूळ संख्या १२०. चुकीच्या उत्तरापासून सुरुवात करून बरोबर उत्तराला पोचता येतं, हे शिकणाऱ्या मुलाला केवढा धीर देणारं आहे!

ग्रंथाच्या शेवटाकडे अंकपाश येतो, मांडणीचं गणित. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं. हातांची अदलाबदल करत गेलं तर किती वेगवेगळ्या मूर्ती होतील? ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. तिथं २४ मूर्ती होतात, आणि केशव, नारायण, माधव अशी विष्णूची नावंही २४ आहेत. संध्या करणाऱ्या मुलाला ती तोंडपाठ असायची. ती चोवीसच का, हे त्याला या कोड्यात उमगत असणार. सहा रसांचं कोडंही याच कुळातलं. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट यांतले एक-एक, दोन-दोन, तीन-तीन असे मिसळत गेल्यास किती चवी होतील? ६३.

ही लीलावती कोण, असा प्रश्न लोक हमखास विचारतात. लग्नाचा मुहूर्त, घटिकापात्रात पडलेला मोती, टळलेली वेळ आणि मुलीच्या सांत्वनासाठी लिहिलेला ग्रंथ ही कथा सर्वांनी ऐकलेली असते. ती अकबराच्या दरबारातला कवी फैजी यानं १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत येते, म्हणजे मूळ ग्रंथानंतर ४३७ वर्षांनी. ग्रंथात भास्कराचार्य ‘बाले’ म्हणतात, ‘सखे’ म्हणतात, आणि कितीतरी ठिकाणी ‘हे वाण्या’ अशीही हाक मारतात. त्या हाकांवरून मला दिसते ती एकटी मुलगी नव्हे, मोठी बैठक. तिच्यात व्यापारीही आहेत. हा फैजी पुढं १५९१ मध्ये अकबराचा वकील म्हणून खानदेशच्या राजा अलीखान फारुकीकडे आला होता. ज्या मुलखातल्या मठात शिकवला गेलेला ग्रंथ त्यानं फारसीत नेला, त्या मुलखात तो स्वतः येऊन गेला.

लीलावतीचा प्रवास इथं थांबला नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञानं १५४५ मध्येच ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहून प्रत्येक नियमाची उपपत्ती दिली होती. १८१६ मध्ये मुंबईत जॉन टेलर यांचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं, पुढच्याच वर्षी लंडनमध्ये कोलब्रुक यांचं. तिथून ही कोडी अमेरिकेत पोचली. कवी लाँगफेलोच्या १८४९ च्या ‘कॅव्हना’ या कादंबरीत खेड्यातला एक शाळामास्तर आपल्या बायकोला लीलावतीतली भुंग्यांची आणि कमळांची गणितं वाचून दाखवतो. तिला तोवर गणित रुक्ष वाटत असतं.

आणि एक कोडं तर युरोपला स्वतंत्रपणे पडलं. १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्मानं गणितज्ञांना आव्हान दिलं: असा पूर्ण वर्ग शोधा की त्याला ६१ नं गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्गच येईल. बीजगणितात भास्कराचार्यांनी नेमका हाच ६१ चा आकडा घेतलेला आहे आणि चक्रवाल पद्धतीनं उत्तर काढलेलं आहे. सर्वांत लहान उत्तरातल्या संख्या २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९. धुळीच्या पाटीवर बोटानं आकडे काढून, पुसून, पुन्हा काढून! फर्माच्या ५०७ वर्षं आधी.

पाटणचा शिलालेख जगापुढं आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. मुंबईत डॉक्टरकी करणाऱ्या या माणसानं अजिंठ्यापासून कुठकुठचे शिलालेख वाचले. आर्यभट ते भास्कराचार्य यांच्या काळाविषयीचा त्यांचा निबंध १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि त्यात या लेखाची माहिती होती. पुढं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवून गेलेल्या कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात त्याचं काळजीपूर्वक संपादन केलं. भास्कराचार्यांच्या घराण्याविषयी दंतकथेबाहेरचं जे आपण जाणतो त्यातलं बरंचसं या एका दगडामुळे.

दुसरा दगड पाचोऱ्याच्या आणखी जवळ आहे, गिरणाकाठच्या बहाळला. तिथल्या देवीच्या मंदिरातला लेख १२२२ चा. मंदिर बांधलं अनंतदेवानं. भास्कराचार्यांचा भाऊ श्रीपती, त्याचा मुलगा गणपती, गणपतीचा हा मुलगा. तोही सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’वर आणि ब्रह्मगुप्ताच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’तल्या एका अध्यायावर त्यानं टीका लिहिली, असं लेख सांगतो. ब्रह्मगुप्ताच्या एवढ्या मोठ्या ग्रंथातून त्यानं निवडला तो छंदश्चित्युत्तर अध्याय. लघु आणि गुरू अक्षरांच्या किती आणि कोणत्या मांडण्या होतात याचा, सगळ्या ग्रंथात वाचायला फार अवघड असा हा भाग. सहा अक्षरांच्या चरणाच्या ६४ मांडण्या आणि गायत्रीच्या चोवीस अक्षरांच्या १,६७,७७,२१६, हा हिशेब भास्कराचार्यांनी लीलावतीत करून ठेवलाच होता. चुलत नातवानं तेच कोडं आणखी मागं, ब्रह्मगुप्तापर्यंत जाऊन हाती घेतलं, आणि हे बहाळच्या दगडावर कोरलं गेलं तेव्हा पाटणच्या मठाला सोइदेवाचं दान मिळून पंधरा वर्षं झाली होती.